पेन्सिलीची यादी

आमच्या वॉर्डात ड्यूटीच्या दोन याद्या असत. एक टाइप केलेली, भिंतीवर, काचेच्या चौकटीत. तिच्यात प्रत्येक निवासी डॉक्टरच्या नावापुढे आठवड्याची सुट्टी लाल शाईत. ती तपासणीला येणाऱ्यांसाठी. दुसरी माझ्या ड्रॉवरमध्ये, पेन्सिलीने लिहिलेली, कारण कुणी तापाने आडवं झालं की नाव खोडून दुसरं टाकता यायचं. काम चालायचं ते या दुसरीवर. दोन्ही मीच करायचो. चंद्रपुरात मुलांच्या विभागाचा प्रमुख म्हणून वर्षानुवर्षं हेच केलं.

कुणी कुरकुर केली की माझं उत्तर ठरलेलं: आम्ही तर याच्या दुप्पट केलंय. ते खोटं नव्हतं. पण त्या दिवसांत माझ्या हातून काय काय सुटलं, ते मी कुणाला सांगत नव्हतो.

ती दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर होती. नागभीडकडच्या धानवाल्या घरातली. मलेरिया जोरात होता, एका खाटेवर दोन-दोन मुलं. आदल्या दिवशी सकाळी आठला कामाला लागलेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला उभीच होती. तेव्हा गडचिरोलीच्या जंगलातल्या गावातून झटके येणारी एक लहान पोर आली. औषधाचा डोस वजनावर ठरतो. हिने त्याच खाटेवरच्या मोठ्या मुलाचं वजन पोरीच्या कागदावर लिहिलं. पोरीचा श्वास मंदावला. दोन दिवस यंत्रावर राहिली. वाचली.

तिच्या आईने मला व्हरांड्यात गाठलं. भांडणार असं वाटलं. तिने एवढंच विचारलं, "ते डॉक्टर बाई झोपली नाई का, साहेब? उभ्या-उभ्या डोलून राह्यली होती."

मी म्हटलं, चौकशी होईल.

झाली. ती डॉक्टर किती तास कामावर होती, चौकशी समितीने विचारलं. मी भिंतीवरची यादी काढून पुढे ठेवली. तिच्यात या डॉक्टरचा आदला दिवस लाल होता. म्हणजे डॉक्टर विश्रांती घेऊन आलेली, आणि चूक निव्वळ हलगर्जीची. तिने माझ्याकडे पाहिलं. बोलली नाही, कारण परीक्षेच्या अर्जावर सही माझी लागणार होती. तिच्या प्रशिक्षणाची मुदत सहा महिन्यांनी वाढली, फाइलीत शेरा पडला. मी काय करतोय हे मला तेव्हाच पुरतं कळत होतं.

संताप येतो तो आधी माझा, मग त्या समितीतल्या प्रत्येकाचा. सगळे अशाच याद्यांमधून वर आलेले. तो लाल रंग खोटा आहे हे एकालाही ठाऊक नव्हतं? उलट एकाने तिलाच समजावलं, की मुलांच्या डॉक्टरला थकून चालत नाही. आणि मी मान डोलावली.

आता ती गडचिरोलीत एका तालुक्याला मुलांची एकटी डॉक्टर आहे. तो शेरा बढतीत आडवा आल्याचं कळलं, तेव्हा मी फोन केला. माफी मागितली, बरंच बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"सर, मले सांगून काय फायदा? मी तर तिथीच होती. ज्यायले माहीत नाई त्यायले सांगा."

त्या महिन्याची पेन्सिलीची यादी मी फेकली नव्हती. खात्याला खरं काय ते पत्र लिहिलं, सोबत ती जोडली. वरून निरोप आला, निवृत्ती जवळ आलीय, कशाला उकरता, पत्र मागे घ्या. घेतलं नाही. ड्रॉवर उघडला तर वरच चालू महिन्याची यादी पडलेली. पेन्सिलीचीच, माझ्याच अक्षरात.

तीही पाठवली.