मावशीचं जोडवं

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जाते. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण खरा राग दुसराच आहे, तोही सांगते.

मी इथं संभाजीनगरात नर्सिंग कॉलेजला नीतिशास्त्र शिकवते. पेशंटचं भलं बघा, अपाय करू नका, सगळ्यांना सारखं वागवा – आणि त्याच्या शरीराचं काय करायचं ते आधी त्याला विचारा. पोरी माना डोलावतात, पेपरात लिहितात. अन् माझ्या सख्ख्या मावशीला कुणी विचारलं? नाही!

मावशी पिशोरची. शुगरमुळे पायाची जखम चिघळली, म्हणून तिच्या मुलानं, सुभाषदादानं, इथल्या एका खासगी हॉस्पिटलात आणलं. डॉक्टरांनी दादाला एकट्याला केबिनमध्ये घेऊन सांगितलं, पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागेल. दादानं तिथंच सही ठोकली. मावशीला सांगायचं, जखम साफ करायची आहे. का, तर ती घाबरेल, नाहीच म्हणेल. डॉक्टरही हो म्हणाले. अहो, घरची सगळी शेती बघणारी बाई ती, चांगली शुद्धीत! पण पाय तिचा आणि निर्णय दादाचा.

दादानं फोनवर हे सांगितलं, वर तोंड न उघडण्याची ताकीद दिली. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. दुपारी कॉलेजातून निघाले ते मावशीला खरं सांगायचंच, असं ठरवून.

दोन खाटांची खोली. दुसरी खाट रिकामी, गादी गुंडाळून ठेवलेली. मी बसायच्या आत मावशी म्हणाली, "गुडघ्याच्या वरून काढणार हायेत, व्हय गं?"

मी तर अजून तोंडही उघडलं नव्हतं. कुणी सांगितलं, विचारलं. तिनं रिकाम्या खाटेकडं मान केली. "या बाईनं. सकाळधरनं बोलती. तिलाबी साफच करायचं सांगितलं व्हतं म्हणं."

दादा आला आणि मीच सांगितलं असं धरून माझ्यावरच घसरला. मागोमाग डॉक्टर. तेही माझ्याकडं रोखून बघत म्हणाले की मुलाशी बोलणं झालंय.

मावशी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पाय कुणाचा हाय?"

मग कुठं डॉक्टर खुर्ची ओढून बसले. नाही काढला तर काय होईल, काढल्यावर चालता येईल का – तिनं सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, काढा. झालं! ज्या 'नाही'ला हे शहाणे घाबरत होते, ते तिच्या मनातसुद्धा नव्हतं. फक्त त्या पायातलं जोडवं तिला स्वतःच्या हातानं काढायचं होतं. खोबरेल लावून हळूहळू काढलं, रुमालात गाठ मारली आणि माझ्याकडं दिलं.

ऑपरेशनभर तो रुमाल माझ्या पर्समध्ये होता. ती शुद्धीवर आल्यावर तिच्यासमोरच गाठ सोडली, तर आत दोन जोडवी... एक तिचं. दुसरं मधोमध कापलेलं. बेशुद्ध बाईच्या सुजलेल्या बोटातून काढतात, तसं.

मावशीला नवल वाटलं नाही. म्हणाली, "तिचं हाय. तिला कुणी इचारलंच नाय. घरच्यांना नेऊन दे."

त्या खाटेवर आधी कोण होतं, हे मी सिस्टरला विचारलं. तर म्हणे, पेशंटची माहिती बाहेर देता येत नाही, मॅडम. नियम बरा आठवला!

रुमालात ते कसं आलं, मला आजही सांगता येत नाही. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, द्यायचं कुणाला? जोडवं अजून माझ्या पर्समध्येच आहे. वर्गात संमतीचा धडा आला की हात तिकडं जातो, आणि पुन्हा तोच संताप येतो.