सेनापती बघत असेपर्यंत पाय सोडायचा नाही

"बासष्ट," मी म्हणाले.

"मागच्या खेपेला?" मुळीक काकांनी विचारलं.

"बासष्टच."

"म्हणजे स्थिर आहे. चांगलं आहे की."

"काका, तीन आठवडे झाले ऑपरेशनला. स्थिर असणं हीच तक्रार आहे."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्याच्या उत्तर भागात घरोघरी जाऊन पेशंट बघते. मुळीक काका विश्रांतवाडीत राहतात. खडकीच्या कारखान्यात तपासणी खात्यात त्यांची नोकरी झाली. उजवा गुडघा बदललेला. गुडघा बदलल्यावर तो किती वाकतो ते आम्ही अंशांत मोजतो. त्यासाठी गोनिओमीटर वापरतो, म्हणजे एका टोकाला जोडलेल्या दोन पट्ट्या आणि मधे कोनमापक. खुर्चीवर नीट बसायला नव्वद अंश लागतात. जिना उतरायला त्याहून जास्त. बासष्टमध्ये माणूस खुर्चीवर बसतो, पण पाय पुढे पसरलेला राहतो आणि येणारा-जाणारा त्याला अडखळतो.

व्यायाम अगदी सोपा होता. खुर्चीवर बसायचं, पायाखाली जुना पायमोजा ठेवायचा आणि पाय फरशीवरून मागे खुर्चीखाली सरकवायचा. दुखायला लागलं की तिथेच दहा सेकंद धरायचं. असं दिवसातून चाळीस वेळा. मी प्रत्येक पेशंटला रोजच्या नोंदीचा कागद देते. बहुतेक जण मी यायच्या दिवशी सकाळी बसून सगळ्या चौकटींत टिक करतात. काकांनी तसं केलं नव्हतं. प्रत्येक चौकटीत सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "केला नाही. दुखते." खाली सही. सत्तावीस वर्षं लोकांचे कागद बघते आहे, इतका प्रामाणिक कागद मला मिळालेला नाही.

बाहेर येऊन मी सर्जनना फोन केला.

"सर, बासष्टवर अडकलंय."

"सहाव्या आठवड्याला मी बघेन. नव्वद नसेल तर एमयूए."

एमयूए म्हणजे पेशंटला पुन्हा भूल द्यायची आणि झोपेतच गुडघा जोर लावून वाकवायचा. आत जे चिकटलं असेल ते सुटतं. अवघड काम नाही, पण भूल ही भूलच.

फोन ठेवला तर शालनकाकू मागेच उभ्या होत्या. काकांच्या पत्नी.

"परत भूल देनार का?"

"नव्वद झालं तर नाही."

"मागच्या टायमाला भुलीतनं उठले आन् दोन दिवस मला वळकलं न्हाई. नर्सला विचारत होते, ह्या बाई कोन, कोनाच्या हायेत." त्यांनी पदराने उगाचच दाराची कडी पुसली. "परत नको, मॅडम."

वयस्कर माणसांना भुलीनंतर असा गोंधळ होऊ शकतो, तो जातो, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं नसावं.

पुढच्या भेटीला मी जरा लवकर पोचले. टीव्हीवर चिनी मालिका चालू होती, हिंदीत डब केलेली. मुलीने टीव्हीवर ॲप टाकून दिलं होतं आणि दोघं रोज सकाळी दोन भाग आणि दुपारी चार वाजता दोन भाग बघत. मालिका जुन्या काळातली. एक सेनापती, काळ्या कपड्यांत, तोंडावरची माशीही न हलवणारा. त्याचं लग्न राजाच्या हुकमाने एका वैद्याच्या मुलीशी लागलेलं. तिच्यावर आधीपासून जीव असलेला एक न्यायाधीश, कायम पांढऱ्या कपड्यांत. चिनी नावं या घरात कुणी घेत नसे. सेनापती, पोरगी आणि पांढरा.

मी आले तेव्हा सेनापती आणि पोरगी पुलावर समोरासमोर आले होते. दोघं एकमेकांकडे बघू लागले. कॅमेरा याच्या डोळ्यांवर, मग तिच्या, मग वरून, मग पाण्यातून. पाकळ्या पडत होत्या. मला सेकंद मोजायची सवय आहे, मनातल्या मनात मोजले. चौदा.

आणि माझी नजर काकांच्या पायाकडे गेली. काका पुढे झुकले होते आणि त्यांचा उजवा पाय आपोआप खुर्चीखाली सरकला होता. बासष्ट नक्कीच नव्हते. सत्तरच्या आसपास असावेत. पोरीने मान वळवली, काकांना भान आलं आणि ते ओरडले, "आई गं."

मी नवा कागद काढला आणि बोलता बोलता लिहिलं.

"काका, आजपासून आकडे मोजायचे नाहीत. सेनापती आणि पोरगी एकमेकांकडे बघायला लागले की पाय मागे. नजर हटेपर्यंत सोडायचा नाही."

काकांनी चष्मा लावून वाचलं. "हे मोघम आहे. एकानेच बघितलं तर?"

"तर नाही धरायचं," मी म्हणाले. मला पुढच्या पेशंटकडे जायचं होतं.

"तसं लिहा मग." शेवटी त्यांनी स्वतःच लिहिलं: 'दोघांनी परस्परांकडे बघितले तरच.' खाली सही केली.

आठवड्याभरात एकोणऐंशी झाले. दिवसाला चार भाग, भागात आठ-दहा वेळा तरी बघाबघी. काकांच्या कागदावर आता नोंदी अशा होत्या: "भाग २१. तबेल्यात. अकरा सेकंद. दुखले, सोडला नाही." मी सर्जनना आकडा कळवला. ते म्हणाले, काय केलंत? मी म्हणाले, प्रोटोकॉल थोडा बदलला.

माझ्या भेटीही लांबायला लागल्या, कारण दोघांना मालिकेवर बोलायचं असे आणि दोघांची मतं विरुद्ध होती.

"शिस्तीचा माणूस आहे," काका सेनापतीबद्दल म्हणत. "बडबड नाही. काम करतो."

"बोलत न्हाई, त्योच तर रोग हाय. तीस भाग झाले, एकदा तरी इचारलं का, जेवलीस का म्हनून?"

"मनात असतं त्याच्या."

"मनातलं मनात ठिवून तिनं काय चाटायचं हाय का? त्यो पांढरा बघा. तिला खोकला झाला तर दारात काढा ठिवून गेला, कळू सुदिक दिलं न्हाई."

"दुसऱ्याच्या बायकोच्या दारात," काका म्हणाले. "मॅडम, तुम्ही सांगा."

मी सांगितलं की गुडघ्यावर बर्फ ठेवायची वेळ झाली आहे.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी, सोमवारी गेले तर कागद कोरा. कोरा म्हणजे नुसता नाही. प्रत्येक चौकटीत आडवी रेघ आणि शेरा: "प्रसंग आला नाही."

"म्हणजे काय, काका?"

"ते बोलत नाहीत एकमेकांशी."

झालं होतं असं की पोरीच्या बापाला पकडायच्या हुकमावर सेनापतीची सही होती आणि ते त्याने तिच्यापासून लपवलं होतं. तिला कळलं. ती माहेरी निघून गेली, तो सीमेवर गेला. चार दिवस, सोळा भाग, दोघं एका चौकटीत नाहीत. अशा मालिकांत शेवटाआधी ताटातूट होतेच, हे मला नंतर माझ्या भाचीने सांगितलं. आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मोजलं. शहात्तर. तीन अंश मागे. गुडघा या काळात थांबत नाही, सोडला की परत आखडतो. हातात आठ दिवस.

मी एकेक उपाय काढले. जुने भाग पुन्हा लावू. लावले. पण नजर कधी हटणार हे काकांना माहीत असल्यामुळे ते आधीपासूनच मांडी ताठ धरून बसले. मांडी ताठ असली की गुडघा वाकत नाही. ताटातुटीचे भाग ओलांडून पुढे जाऊ म्हटलं, तर काकू म्हणाल्या, मधलं सोडून कसं चालेल, बाप सुटतो का न्हाई ते कळायला नको का. साधे दहा आकडे मोजू म्हटलं, काका तिसऱ्या आकड्यालाच थांबले.

सर्जनना फोन केला.

"सर, शहात्तर."

"एकोणऐंशी होते ना?"

"हो. पण सेनापतीची बायको माहेरी गेली."

सर म्हणाले, "कोणाची?"

मी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. सर म्हणाले, "मी ओटीची, ऑपरेशन थिएटरची, वेळ घेऊन ठेवतो. नव्वद आलं तर रद्द करू."

बुधवारी मी पोचले तेव्हा भाग चालूच होता. पोरगी तुरुंगाच्या दारात बापासाठी डबा घेऊन उभी. लांबवर पांढरा. तो तिच्याकडे बघतोय, तिला पत्ताच नाही. कॅमेरा नेहमीसारखा चारही बाजूंनी फिरला. सतरा सेकंद. काकांचा पाय तसाच पुढे पसरलेला.

"काका, हे धरू या की. सतरा सेकंद होते."

"नाही. एकटा बघतोय. आणि त्याने बघायचं कारण काय? तिचं लग्न झालंय."

"कारण असू दे. आपल्याला सेकंदांशी मतलब."

"मॅडम, कागदावर काय आहे?"

काका कागद शोधायला लागले. काकूंनी रिमोट घेतला आणि चित्र थांबवलं. पांढरा तसाच बघत राहिला.

"त्यो एकटाच बघतोय म्हनून धरायचं न्हाई?"

"ठरलंय तसं."

"दवाखान्यात दोन दिवस मी तुमच्या खाटंजवळ बसले हुते. तुमच्याकडंच बघत हुते. तुम्ही माझ्याकडं बघत न्हवता. तुम्ही भिताडाकडं बघून कारखान्यातल्या कुनाला तरी माल परत न्या म्हनत हुता." त्यांचा आवाज चढला नव्हता. भाजी कशी झाली ते सांगावं तशा सांगत होत्या. "त्ये बी धरायचं न्हाई का मग?"

मी गोनिओमीटर पिशवीत ठेवला, पुन्हा काढला. अशा वेळी फिजिओने काय करावं हे आम्हाला शिकवलेलं नाही.

"तू सांगितलं नाहीस मला हे," काका म्हणाले.

"सांगून काय? तुम्हाला आठवत न्हाई, आन् मला इसरता येत न्हाई."

काकांनी खिशातलं पेन काढलं. कागदावरची स्वतःची ओळ वाचली. 'दोघांनी परस्परांकडे बघितले तरच' यावर पट्टी न घेताही सरळ रेघ मारली. शेजारी लिहिलं: 'एकाने बघितले तरी धरावे.' सही केली, त्या दिवसाची तारीख घातली आणि कागद काकूंकडे दिला. काकूंनी वाचून माझ्याकडे दिला.

"लाव," काका म्हणाले. "मागे घे जरा. सुरुवातीपासून बघू दे त्याला."

काकूंनी मागे घेतलं. पांढऱ्याने बघायला सुरुवात केली. पाय खुर्चीखाली सरकला. काकांचा चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला, पण सतरा सेकंद पाय हलला नाही.

पुढे एक अडचण अशी आली की पांढरा फार बघतो. सेनापतीचं प्रमाण भागात आठ-दहा वेळा होतं. पांढरा तिच्या खिडकीकडे बघतो, ती गेलेल्या वाटेकडे बघतो, तिने दिलेल्या रुमालाकडे बघतो. शनिवारच्या कागदावर एकाच भागात बावीस नोंदी होत्या आणि तळाला शेरा: "हा माणूस कोर्टाचं काम कधी करतो?" मला बर्फ वाढवावा लागला. रुमालाकडे बघणं धरायचं नाही, असं आम्ही तिघांनी एकमताने ठरवलं.

पुढच्या मंगळवारी सर्जनच्या ओपीडीत मीही गेले. सरांनी स्वतः मोजलं.

"चौऱ्याण्णव," सर म्हणाले. "ओटीची वेळ सोडून देतो." मग काकांना विचारलं, "आता तुमचा तो सेनापती कुठे पोचला?"

"तो सीमेवरच आहे," काका म्हणाले. "हे काम दुसऱ्या माणसाने केलं."

काकू बाकावर बसल्या होत्या. एमयूए रद्द, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी "बरं" म्हटलं आणि पिशवीतून चिवड्याचा डबा काढून मला दिला.

मालिका संपली तेव्हा काका एकशे बारावर होते आणि जिना एकटे उतरत होते. शेवट अपेक्षित तोच. बाप सुटला, पांढऱ्याने आपलं पद पणाला लावून सोडवला, आणि पोरगी सेनापतीकडे परत गेली. काकू म्हणाल्या, जाऊ दे, नवरा हाय तिचा, सुधारंल. काकांना मात्र ते पटलं नाही. पांढऱ्यावर अन्याय झाला, असं त्यांनी मला शेवटच्या भेटीत दोनदा सांगितलं.

माझ्या चुका मी वहीत लिहून ठेवते. या केसमधल्या दोन. पहिली, पेशंटच्या व्यायामाची अट तिसऱ्याच कुणाच्या संसारावर ठेवायची नाही. दुसरी, पेशंटशेजारी जे माणूस बसलेलं असतं त्याच्याकडून पहिल्याच दिवशी सगळं ऐकून घ्यायचं. ऑपरेशननंतरचा गोंधळ काकूंनी मला दारातच सांगितला होता. मी त्याचं वैद्यकीय उत्तर दिलं आणि स्कूटरला किक मारली.

नव्या पेशंटला मी अकरा प्रश्न विचारते: शुगर, बीपी, जिने किती, संडास कसा, वगैरे. आता बारावा प्रश्न आहे आणि तो पेशंटला नसतो. घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारते, "हे बरे व्हायला हवेत, याची तुम्हाला काय घाई आहे?" उत्तर आलं की खुर्ची ओढून बसते. पुढच्या पेशंटला उशीर होतो, तो मी फोन करून कळवते.