उघड्या कॅबिनेटच्या ताई

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला त्या उलटा हात लावून बघायच्या. आपण आजारी लेकराच्या कपाळाला लावतो तसा. मग हात तिथेच ठेवून माझ्याकडे बघत म्हणायच्या, "थोडंसंच वाढवलंय, भाऊ."

वाढवलेला असायचा प्रोसेसरचा वेग. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा तो जास्त पळवता येतो. काम लवकर होतं, पण यंत्र तापतं.

धायरीत आमच्या बिल्डिंगच्या मागे तेव्हा अजून ऊस उभा होता. ताई माझ्या खालच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. मूळच्या वर्ध्याकडच्या, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरीला. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांना इकडे आणलं, नोकरी सोडली आणि घरूनच काम सुरू केलं. अजून न बांधलेल्या इमारतींच्या फिल्म त्या बिल्डरांना करून द्यायच्या. त्यात कारंजी उडायची, हिरवळीवर गोरी माणसं फिरायची. धायरीतला खड्डा नसलेला रस्ता मी पहिल्यांदा पाहिला तो ताईंच्या स्क्रीनवर.

कॉम्प्युटर त्यांनी स्वतः जुळवला होता, बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून एकेक भाग आणून. मी आयटीवाला, म्हणून काही अडलं की जिना चढून यायच्या. त्या उन्हाळ्यात रोजच अडू लागलं. फिल्म तयार होताना यंत्र मध्येच बंद पडायचं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. आम्ही धूळ झटकली, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, पेठेत जाऊन मोठा पंखा आणला. शेवटी कॅबिनेटचं झाकणच काढून समोर टेबलफॅन ठेवला. पाण्याच्या वेळा सांगायला आलेले सोसायटीचे सेक्रेटरी ते बघून म्हणाले, "आमच्याकडे कॉम्प्युटरला कपडे घालायची पद्धत आहे." ताई हसल्या नाहीत.

हसण्यासारखं नव्हतंच. घरात जरा गारवा असलेली खोली एकच. तिथेच वडिलांची खाट आणि खाटेला लागून ते उघडं यंत्र. वडिलांना उठता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. डावा हात तेवढा चालायचा. वेग कमी करा, असं मी सांगितलं की ताई बिल्डरने दिलेली तारीख सांगायच्या. पण भीती त्यांनाही होतीच. पंख्याचा आवाज जरा बदलला की पोळी तव्यावर टाकून धावत यायच्या. अंघोळीला जाताना बाथरूमचं दार पूर्ण लावायच्या नाहीत.

एका शनिवारी बिल्डरने त्यांना कात्रजच्या ऑफिसात बोलावलं. झालेलं काम दाखवायला. दुपारी वडिलांजवळ बसणाऱ्या मावशी नेमक्या आल्या नव्हत्या. उरलेली फिल्म यंत्रावर तयार होत होती, ती मध्येच बंद केली असती तर आदल्या दिवसाचं सगळं वाया गेलं असतं. ताई दारात बराच वेळ उभ्या राहिल्या. मग कुलूप लावलं आणि माझ्या गाडीवर मागे बसल्या.

बिल्डर साइटवर गेला होता. आम्हाला बसवून ठेवलं. ताईंनी घरी फोन लावला. बापलेकीची एक रीत होती. मोबाइल वडिलांच्या उशाजवळच्या स्टुलावर असायचा. ते डाव्या हाताने बटण दाबायचे आणि फोनवर नखाने टकटक करायचे. म्हणजे सगळं ठीक.

फोन वाजत राहिला. टकटक आली नाही.

त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग कुणाला काही न सांगता उठून जिना उतरू लागल्या. मी मागोमाग. नऱ्ह्याच्या रस्त्याला ट्रक अडकले होते. ताई मागे बसून फोन लावतच होत्या आणि मला त्या वाजणाऱ्या रिंगा माझ्या कानाशी ऐकू येत होत्या. माझ्या मनात नको ते येत होतं. त्यांच्या मनात काय येत असेल, हा विचार मी मध्येच थांबवला.

बिल्डिंगच्या जिन्यातच वास आला. जळक्या प्लास्टिकचा. ताईंकडून किल्ली घेऊन मी कुलूप उघडलं.

आत धूर विरळ झाला होता. भिंत काळवंडली होती. यंत्र बंद होतं. वडील खाटेच्या अगदी काठाला सरकत आले होते, घामाने निथळत, डोळे त्या कॅबिनेटवर. स्टूल आडवं पडलं होतं आणि मोबाइल खाटेखाली, त्यांचा हात पोचणार नाही इतका आत.

ताई खाली बसल्या. "बाबा, फोन काऊन नाही उचलला?"

वडिलांनी डावा हात थोडा वर केला. मनगटाला काळी वायर गुंडाळलेली होती. कॅबिनेटमधून धूर यायला लागल्यावर त्यांनी खाटेजवळून जाणारी ती वायर मनगटावर घेत घेत ओढली होती, भिंतीतून प्लग निघेपर्यंत. ताईंनी तिचे वेढे एकेक करून सोडवले. वळ उमटले होते. त्यावरून त्या कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिल्या.

नंतर मी खोलून पाहिलं. आम्ही दोघं प्रोसेसरच्या मागे लागलो होतो, आणि जळाला होता वीजपुरवठ्याचा जुना डबा. वाढवलेल्या वेगाचा भार त्याला पेलला नव्हता.

ताईंनी नवा डबा बसवला आणि वेग स्वतःच्या हाताने मूळ जागी आणला. फिल्मला उशीर होईल, असं बिल्डरला सांगितलं. त्याने काम दुसऱ्याला दिलं. पुढे लहानसहान कामं मिळत गेली. यंत्र पुन्हा कधी बंद पडलं नाही. ताई मात्र घराबाहेर पडताना मोबाइलचा चार्जरसुद्धा सॉकेटमधून काढून ठेवू लागल्या. एकदा मी म्हणालो, आता कशाला घाबरता? तर म्हणाल्या, "आता कशालाच नाही, भाऊ. सवय लागली."

दोन-तीन वर्षांनी ताईंच्या भावाने दोघांना वर्ध्याला बोलावून घेतलं. सामान आधीच गेलं होतं. वडिलांना गाडीत बसवल्यावर ताईंनी किल्ली माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, "वर सगळं बंद आहे ना, तेवढं बघता का?"

मी वर गेलो. रिकामा फ्लॅट. गॅस नव्हता, दिवे बंद, एकाही सॉकेटमध्ये काही नाही. खाली येऊन तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण ड्रायव्हरला निघा म्हणाल्या नाहीत.

"परत एकदा बघता?"

मी पुन्हा वर गेलो. या वेळी मेन स्विचही खाली ओढला आणि बाहेर आलो. ताई वडिलांचा हात धरून, काच खाली करून जिन्याकडेच बघत होत्या. मी दुरूनच मान हलवली. तेव्हा गाडी निघाली.