पाण्याच्या पाटीवरचा ढग

चित्रकारावर कोणाकोणाचे प्रभाव पडले, हा प्रश्न मी वर्गात आजही विचारतो. माझ्यापुरते उत्तर तीन माणसांचे आहे : एक विलायती चित्रकार, माझे चित्रकलेचे सर आणि पिशोर गावाकडचा एक मेंढपाळ. महत्त्वाच्या दृष्टीने क्रम मात्र उलटा लावावा.

वर्ष दुष्काळाचे होते. शहर वाढत आमच्या चहाच्या हॉटेलापर्यंत पोहोचले होते. नळ मागेच राहिला होता. टँकर चौथ्या दिवशी येई, म्हणून वडिलांनी भिंतीवर पाटी लावली होती : 'चहाबरोबर पाणी मिळणार नाही.'

दहावीनंतर मला चित्रकलेच्या महाविद्यालयात जायचे होते. वडिलांच्या मते भट्टीपाशी उभे राहायचे होते. त्यांची समजूत काढायला सर आले आणि त्यांनी दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराचे चरित्र सांगितले. तो धुके आणि वादळे रंगवी. मुलगा न्हाव्याचा, बापाने त्याची चित्रे स्वतःच्या दुकानात टांगली.

"अन् गिऱ्हाइकं काय म्हणली?" वडिलांनी विचारले.

"विकत घेऊन गेली."

"मग आपण बी टांगू. पोरानं काय काढलंय ते आठ दिवसांत एकानं जरी ओळखलं, तर जाऊ द्या त्याला."

मी त्या चित्रकाराच्या रीतीने पावसाळी ढग रंगवला. कडा पुसट, सगळे धूसर. खिळा एकच रिकामा होता, नेमका पाटीच्या वर.

फुलंब्रीहून रोज कामाला येणारा एकजण म्हणाला, "भट्टीचा धूर झकास काढलाय." दुसऱ्याने तक्रारच केली, "पाणी नाय म्हणता, अन् भिंतीला ओल कशी काय, मालक?" वडील दर वेळी माझ्याकडे एकदा पाहत आणि पुन्हा चहा गाळू लागत.

आठव्या दिवशी दुपारी, चाऱ्यासाठी कळप शहराकडे आणलेला तो म्हातारा मेंढपाळ आला. हातातली बशी तशीच धरून तो चित्राकडे बराच वेळ पाहत राहिला.

"हे कुणी काढलं?"

"पोरानं. का हो बाबा?"

"चुकलंय. पाण्याचा ढग बुडाला काळा असतो. ह्यानं डोक्याला काळा केलाय. ह्यातून थेंब पडायचा नाय."

वडिलांचा हात थांबला. "म्हंजे ढगच व्हय ना?"

"ढगच. पर बिनकामाचा."

वडिलांनी पाटीखालीच उभे राहून त्याच्यापुढे ग्लासभर पाणी ठेवले. मग मला म्हणाले, "फॉर्म आण. अन् आधी त्या ढगाचं बूड काळं कर."