सगुणाच्या नावावरची बोट

धरमतर खाडीच्या काठावर रघूच्या घराण्यात होडी बाईच्या नावावर करण्याची रीत होती. पुरुष पाण्यात गेला, तर मागे राहिलेल्या बाईला निदान होडीसाठी दिरांच्या दारात उभे राहावे लागू नये, हा त्यामागचा विचार. मिठागरात राबणाऱ्या त्याच्या बापाची लहानशी होडीही आईच्याच नावावर होती. उमेदीची वर्षे परदेशी जहाजांवर घालवल्यानंतर रघूने मलेशियातील लंकावी बेटावर एक जुनी शिडाची बोट घेतली, तेव्हा कागदावर त्याने पत्नीचे, सगुणाचे नाव घातले. दुसरे नाव त्याला सुचलेच नाही. ती बोट स्वतः चालवत आपल्या खाडीत आणायची, एवढीच इच्छा उरली होती.

सगुणाच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तो पेणला आला असताना लंकावीतल्या राखणदाराचा निरोप आला: बोटीत पाणी शिरते आहे, उपसूनही वाढते आहे, लवकर या.

विमानतळावर खिडकीवरच्या मुलीने परतीचे तिकीट मागितले.

“परत बोटीनं येनार. माजी बोट हाय तिथं.”

तिने बोटीचे कागद पाहिले. “ही तर सगुणाबाईंची बोट आहे.”

“बायको हाय माजी. भायेर उभी हाय.”

“मग त्या चालल्यात का?”

सगुणाकडे पासपोर्ट नव्हता. रघूने तिला फोन लावला.

“मी मालकीन?” ती हसली. “घरात तर मला कवा कोनी इचारला नाय!”

तिच्याजवळ उभ्या असलेल्या भाच्याने, निकेशने, फोन घेतला. “मामा, परतीचं तिकीट काढतो. नुसतं दाखवायचं, त्यानं यायचं नाय.”

“ज्या इमानात बसायचा नाय, त्याचा तिकीट?”

“मग बसा पेनला, गनपती रंगवत!”

रघूने बराच वेळ घेतला. तो हो म्हणाला आणि तिकीट फोनवर आले, तोवर खिडकी बंद झाली होती. त्या मुलीला दोष देता येत नाही; परतीच्या तिकिटाविना आलेला उतारू मलेशियातून परत पाठवला गेला असता, तर जाब तिच्या कंपनीला विचारला गेला असता. तरीही खरे बोलणारा माणूस अडला होता, आणि खोट्या तिकिटावर त्याला दोन दिवसांनंतरच्या विमानाला कोणीही काही विचारले नाही.

तो पोहोचला तेव्हा पाण्यावर फक्त डोलकाठी दिसत होती. बंदराला ती जागा मोकळी हवी होती आणि त्यासाठी बोटीवरचा हक्क सोडल्याची मालकाची सही लागणार होती. ज्याने यायचे नव्हते, त्याच तिकिटाने रघू परत आला.

घरी त्याने कागद सगुणापुढे ठेवला. “सही कर गो. बोट सोडल्याचा कागद हाय.”

डोळ्यावरचा काळा चष्मा तिने वर सरकवला. “मी तर ती बगितली पन नाय.”

रघूने फोनमधला फोटो तिच्यासमोर धरला. पांढरी बोट, उभारलेले शीड. तिने तो डोळ्याजवळ नेऊन सावकाश पाहिला आणि मग सही केली.