अकरा एक्क्यांची रास

पिंपळगावचा गोटीराम मापारी खळ्यावर धान्य मापायचा. पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणायचा नाय, ‘लाभ’ म्हणायचा. मग दोन, तीन. आणि शेवटची पायली कधीच भरायचा नाय. तेवढी रास जमिनीवर तशीच सोडायचा, पाखरांना आणि बलुतेदारांना. खळं रितं केलं तर पुढल्या साली दाणा येत नाय, असं त्याच्या बापानं सांगितलेलं.

सन बत्तीसच्या सुगीत मनमाडच्या मालधक्क्यावरचा हमाल महेबूब बाजाराला आला. पारापाशी बसून त्यानं मातीत काडीनं अकरा एक्के ओढले, एकापुढं एक.

“गोटीरामभाऊ, आमच्या धक्क्यावरचा कारकून बाबू म्हनतो, एवढ्या दान्यांचे सारखे वाटे व्हत नाय. एकेक दाना वाटायचा नाय, आन सगळी रास एकाला द्यायची नाय.”

“अकराशे अकरा कोटी, वर आनखी लाखानं,” गोटीरामनं वाचलं. “एवढी मोठी रास, आन तिला एक माप मिळंना? येडा हाय तुझा बाबू.”

“मंग तोडून दाखव.”

पारावरची माणसं हसली. गोटीरामनं डोईचं पागोटं काढून काखेत मारलं. “ही रास तोडीन, तवाच बांधीन.”

“बांध बाबा,” महेबूब म्हणाला, “ऊन लागंल.”

आमच्याकडं घरात मयत झाल्यावर माणूस बोडका हिंडतो. लोक विचारायचे, कोण गेलं? त्याची बायको धोंडाबाई सांगायची, “घरधन्याची अक्कल गेली.”

शेवटी एक्का, म्हणून दोननं रास जाईना. तिनानं दोन उरले, सातानं दोन, अकरानं एक. ज्या मापानं गेली नाय, त्याच्या पटीतली सगळी मापं त्यानं सोडून दिली. शेरानं जी रास बरोबर जात नाय, ती चार शेरांच्या पायलीनं कुठून जाईल? तरी हजारानं मापं बाकी राहिली. लहान मापं पाढ्यावर निभली. मोठ्यांना ओट्यावर खडूनं भागाकार मांडायचा, उरलं की पुसायचा. अशी तीनेक सालं गेली.

मग लेकीची, सिंधूची सोयरीक लासलगावला ठरली. व्याही बहिरू मुद्दाम सांगायला आला.

“इवाई, बोडका बाप मांडवात नको. पागोटं बांधा, नायतर सोयरीक मोडली समजा.”

तो गेल्यावर धोंडाबाई म्हणाली, “बांधा की. आकडा काय बघाया येतोय?”

“बोललेलं मोडलं, तर उद्या माझ्या मापावर कोन इस्वास ठेवील?”

लग्न आठवड्यावर आलं, तेव्हा त्यानं एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासाचं माप लावलं. खाली आकडा राहिला. “उरलं,” म्हणाला, आणि चिलीम भरायला बसला.

धोंडाबाई शेणाची पाटी घेऊन ओटा सारवायला आली. तिला अक्षर येत नव्हतं. हात टेकता टेकता थांबली.

“अवो, हे माप आन हे खालचं सारखंच चितारलंय.”

“असंल. उरलंय ते.”

“पायलीएवढंच उरलंय, तर पायली भरंल का नाय?”

गोटीराम उठून आला. भागाकारातही त्याचा हात खळ्यावरच्यासारखा चालला होता. शेवटचं माप त्यानं उचललंच नव्हतं. आता ते उचललं तर मागं काही राहणार नव्हतं. त्यानं खडू उचलला. मग वजाबाकी केली. शून्य आलं. वाटे झाले पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस.

घरात जाऊन त्यानं मूठभर बाजरी आणली आणि त्या शून्यावर टाकली. कोंबड्या धावल्या.

“आता सारव,” तो म्हणाला. “आन पागोटं कुठं ठिवलंय?”

“उंदरांनी खाल्लं कवाच. नवं आना.”

लग्नात त्यानं नवं बांधलं. पुढच्या सुगीला खळ्यावर आला तो पागोट्यानिशी, आणि शेवटची पायली नेहमीसारखी जमिनीवर सोडून घरी गेला.