सतराव्या पोर्टवरचं कुंकू

“काही लोंबकळताना दिसलं की माझा हात आपोआप पुढे जातो,” असं दीनानाथ वाळिंबे एकदा म्हणाले होते. म्हणाले होते ते अभिमानाने.

वाईहून लखनौला येऊन त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. खत विकणाऱ्या एका सरकारी कंपनीत ते डिस्पॅच विभागाचे प्रमुख होते आणि ऑफिसात सगळे त्यांना ‘वालिम्बे जी’ म्हणत. सव्वीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून फायलीची एक फीतसुद्धा कधी खाली लोंबली नव्हती. इंदिरा नगरच्या घरी पडद्याची दोरी, पंख्याची वायर, लेकीच्या दप्तराचा पट्टा, सगळं त्यांच्या हाताखालून जाई. “यांच्यासमोर वेणी मोकळी सोडायची सोय नाही,” त्यांची बायको गीताबाई म्हणत.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात ऑफिसात सगळे संगणक एकमेकांशी जोडणारा स्विच आला. त्याआधी सगळे संगणक एका जुन्या हबला जोडलेले होते, आणि सकाळी साडेदहाला सगळे विभाग कामाला लागले की एका ट्रकचा गेटपास निघायला चार-चार मिनिटं लागत. ड्रायव्हर खिडकीशी येऊन उभे राहत आणि वालिम्बे जींच्या खानदानाची चौकशी करत. नव्या स्विचने ते थांबलं. बटण दाबून खुर्ची मागे वळवेपर्यंत प्रिंटर बोलायला लागे. चोवीस पोर्टची, म्हणजे वायर खोचायच्या चोवीस खाचांची, ती राखाडी पेटी वाळिंब्यांच्याच खुर्चीमागे काचेच्या कपाटात बसवली होती, कारण चांगला स्टॅबिलायझर तेवढा तिथे होता. कपाटाची किल्ली शेजारच्या खिळ्याला असे. दुपारी जेवून आले की ते क्षणभर तिच्यावरच्या हिरव्या दिव्यांकडे बघत. कोणीतरी आपलं काम मुकाट्याने करतंय, हे बघायला त्यांना बरं वाटे.

पेटी सांभाळत होती चारुलता पेठकर. अकोल्याची, सव्वीस वर्षांची, एक वर्षाच्या प्रोबेशनवर. विकास नगरमधली खोली तिला वाळिंब्यांनीच बघून दिली होती. रविवारी ती त्यांच्याकडे वरणभात खायला येई. ऑफिसात ती त्यांना सर म्हणे, घरी काका.

पहिल्याच महिन्यात एक कटकट सुरू झाली. सकाळी संगणक लावला की तो सर्व्हर सापडत नाही म्हणून सांगे. बंद करून पुन्हा लावावा लागे. वाळिंब्यांनी चारुलताला बोलावून घेतलं.

“सर, ती पेटीची खबरदारी आहे,” ती म्हणाली. “नवीन काही जोडलं गेलं की अर्धा मिनिट थांबून बघते. एकाच वायरची दोन्ही टोकं कोणी चुकून तिच्यात घातली, तर संदेश आतल्या आत गोल फिरत राहतात, वाढत जातात आणि सगळं ठप्प होतं. तसं होऊ नये म्हणून.”

“असं कोण गाढव करणार?”

“कोणी नाही. पण…”

“मग काढ ती खबरदारी. अर्धा मिनिट इथे कोणाला आहे?”

“काढते. दोन ओळी लिहून द्याल का, सर? डिस्पॅचच्या मागणीवरून म्हणून.”

“घरची पोरगी तू,” वाळिंबे हसले, “आणि माझ्याकडून लिहून काय मागतेस?”

तीही हसली. तिने खबरदारी बंद केली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळची कटकट गेली.

लखनौची ऑफिसं सप्टेंबरात विश्वकर्म्याला हार घालून मोकळी होतात. वाळिंब्यांचं त्यावर भागत नसे. दरवर्षी खंडेनवमीला, सुट्टी असतानाही, ते चौकीदाराला सांगून वर येत. टाइपरायटर होते तेव्हा टाइपरायटर, मग टेलेक्स, मग संगणक. जे जे हाताखाली असे ते पुसत, हळदकुंकू लावत, झेंडूचं फूल वाहत. ओलं कुंकू ते घरूनच कालवून डबीत आणत. त्यांच्या वडिलांचं वाईला छापखान्याचं यंत्र होतं, ते असंच करत.

त्या वर्षी त्यांनी काचेचं कपाट उघडलं. पेटी पुसली, ओल्या फडक्याने नाही, कोरड्या. तेवढं त्यांना कळत होतं. पेटीच्या कपाळावर टिळा लावला. आणि मग त्यांना ती दिसली, सोळाव्या पोर्टमधून निघालेली हातभर पिवळी वायर. दुसरं टोक मोकळं, खाली लोंबकळणारं. चारुलता ते टोक आपल्या तपासणीच्या संगणकाला लावत असे. शेजारचा सतरावा पोर्ट रिकामा होता. हात पुढे गेला. टोक आत बसताना टक् असा बारीक आवाज झाला आणि सगळं जागच्या जागी आल्याचं समाधान त्यांना वाटलं. पेटीचे दिवे एकाएकी जोरात लुकलुकू लागले. पूजेनंतर यंत्र प्रसन्न झालं, असं त्यांच्या मनात आलं, हे त्यांनी पुढे स्वतःशीही कधी पुन्हा उच्चारलं नाही.

दसऱ्यानंतर ऑफिस उघडलं ते बंदच. एकही संगणक दुसऱ्याशी बोलेना. गव्हाच्या पेरण्या तोंडावर, गोदामात खताची आख्खी रेक, मालगाडीभर माल, उतरलेली, आणि फाटकाशी ट्रकची रांग. गेटपास हाताने लिहावे लागले. चारुलताने पेटी बंद केली, लावली, सर्व्हर बंद केला, लावला. चोवीसच्या चोवीस दिवे एका लयीत चमकत होते. वायरींच्या त्या जुड्यात एक हातभर पिवळी वायर दोन शेजारच्या पोर्टमध्ये नीट बसलेली होती. इतकी नीट, की तिच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारुलता पेटी विकणाऱ्या कंपनीला दिल्लीला फोन लावायला खाली गेली. वाळिंबे एकटेच होते. वळून त्यांनी दिव्यांकडे बघितलं आणि तिचे शब्द त्यांना आठवले, एकाच वायरची दोन्ही टोकं. त्यांनी कपाट उघडलं आणि वायर दोन्हीकडून उपटली. दिवे शांत झाले. पलीकडच्या खोलीतून दुसऱ्या विभागाच्या हेमा भटनागरचा आवाज आला, “आ गया! भई, आ गया!” टाळ्या वाजल्या. वाळिंब्यांच्या हातात वायर होती. चारुलता धावत जिना चढत होती, तिच्या चपलांचा आवाज त्यांना ऐकू येत होता.

वायर त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकली.

उद्या सांगू, त्यांनी ठरवलं. त्यात काही लबाडी नव्हती. खरंच उद्या सांगणार होते. पण उद्या रस्तोगी साहेबांनी, म्हणजे इथल्या मुख्य व्यवस्थापकांनी, कारण विचारलं. चारुलता म्हणाली, “कारण अजून कळलं नाही, सर.” पेटी विकणाऱ्या कंपनीचं पत्र मात्र लगेच आलं. पेटीत दोष नाही. अशी लक्षणं वायरीचा फेरा झाल्यावरच दिसतात. ते रोखणारी सोय तुमच्याच माणसाने बंद करून ठेवली आहे. रस्तोगी साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. सोय कोणी बंद केली? मिस पेठकरने. कोणाच्या सांगण्यावरून? कागद नाही. फेऱ्याची वायर कुठे आहे? नाही. म्हणजे तिनेच काढून लपवली.

“लड़की होशियार है,” ते वाळिंब्यांना म्हणाले, “पर सच्ची नहीं है। इस महीने कन्फर्मेशन है। मैं तो दस्तखत नहीं करूँगा।”

वाळिंब्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

त्याच आठवड्यात दिल्लीच्या मुख्य कार्यालयातून एक फॉर्म आला. असेच स्विच बाकीच्या शाखांना घ्यायचे होते. प्रत्येक विभागाने वापरकर्ता म्हणून आपला अनुभव लिहावा, शेवटी अडचण आणि तिचं कारण. रस्तोगी साहेबांनी तो वाळिंब्यांच्याच टेबलावर ठेवला. “आप सबसे पुराने यूज़र हैं, वालिम्बे जी। सबसे पूछ-पाछकर भर दीजिए।”

ते टेबलाटेबलाशी गेले. क्लेम्सचे नकवी साहेब पानाची डबी मिटत म्हणाले, “लिखिए, पहले मशीन धीरे चलती थी तो हम उसे कोसते थे। अब तेज़ चलती है तो लोग हमें कोसते हैं।”

“अड़चन?”

“अड़चन तो वही दो दिन। कारण आपकी बिटिया से पूछिए। सुना है सब बंद करके बैठी थी।”

हेमाने लिहायला सांगितलं की प्रिंट आता चटकन येतो, पण पेटीपेक्षा पेटीवाल्यांवर लक्ष ठेवा. “आप तो अपने हैं, इसलिए कह रही हूँ। मराठी लोग एक-दूसरे को बचाते बहुत हैं।”

वाळिंब्यांनी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं. सात विभाग भरले. आठवा, डिस्पॅचचा, कोरा राहिला.

रविवारी चारुलता आली. गीताबाईंनी तिच्या ताटात तूप वाढलं आणि काही विचारलं नाही. विचारलं ते लेकीने, ऋचाने. ती बारावीत होती. मराठी सगळं समजे, बोलायची हिंदीतून.

“बाबा, दीदी की नौकरी जाएगी क्या?”

“जेवताना ऑफिस नको,” वाळिंबे म्हणाले.

“पर आप तो सीनियर हैं न। बोल दीजिए कि दीदी ने नहीं किया।”

“अगं, कोणी केलं ते माहीत नसताना…” ते थांबले. चारुलता भात कालवत होती. तिने वर बघितलं नाही. वाळिंब्यांना दिसलं की आपण वाक्य पूर्ण करतोय की नाही, याची ती वाट बघतेय. ते पाणी प्यायले.

निघताना ते तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. बाहेर रिक्षावाला उभा होता. चपलेचा पट्टा लावत ती हळू आवाजात म्हणाली, “काका, सतराव्या पोर्टवर कुंकू आहे.”

त्यांचा हात फाटकाच्या कडीवर थांबला.

“पेटीवरचा टिळा सगळ्यांना दिसतो, त्याचं काही नाही. हे आतल्या काठाला लागलंय. बोटावरचं टोकाला आणि टोकाचं आत. परवा बॅटरी मारून बघितलं तेव्हा कळलं.” ती सरळ उभी राहिली. “मी पुसलं नाही. आणि कोणाला सांगितलंही नाही.”

“का?” त्यांच्या तोंडून एवढंच निघालं.

“मला वाटलं, तुम्ही सांगाल.”

तिच्या आवाजात राग असता तर त्यांनी तो अंगावर घेतला असता. राग नव्हता. ती रिक्षात बसली आणि रोजच्यासारखं म्हणाली, “येते, काका.”

घरात आल्यावर त्यांना मोरीत ताट घासणाऱ्या बायकोच्या पाठीकडेही बघवेना. दोन वर्षांनी निवृत्ती होती. निरोपाच्या दिवशी कोण काय बोलेल, हे त्यांनी अधूनमधून मनात योजलं होतं. शिस्तीचा माणूस, शब्दाचा पक्का. आता त्यातला प्रत्येक शब्द लोंबकळत होता, आणि तो खोचून टाकायला कुठे जागा नव्हती.

बुधवारी पेटी विकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर सकाळच्या विमानाने अमौसीला उतरला आणि अकराला ऑफिसात पोचला. पेटी डिस्पॅचच्या हॉलमध्ये, म्हणून बैठकही तिथेच भरली. रस्तोगी साहेब, नकवी, हेमा, बाकीचे विभागप्रमुख. चारुलता कपाटाशी उभी होती. कोणी तिला खुर्ची दिली नव्हती.

“मिस पेठकर,” रस्तोगी साहेब म्हणाले, “आखिरी बार पूछ रहा हूँ। वह तार कहाँ है?”

“मेरे पास नहीं है, सर।”

“किसके पास है?”

ती पेटीच्या दिव्यांकडे बघत राहिली. नकवी साहेबांनी छताकडे बघितलं. इंजिनिअरने घड्याळ बघितलं.

“मेहरबानी करके देखिए,” रस्तोगी साहेब सगळ्यांना म्हणाले, “चुप रहना भी एक जवाब होता है।” मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला. पानं उलटता उलटता ते थांबले. “वालिम्बे जी, सबका भर दिया, अपना कॉलम खाली छोड़ दिया? आपका क्या अनुभव रहा?”

वाळिंबे उठले. बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. घरून निघताना हिंदीत चार वाक्यं बसवली होती. पहिलं वाक्य ‘असल में’पासून सुरू होत होतं, आणि त्या दोन शब्दांतच त्यांना आपली सगळी सारवासारव ऐकू आली. त्यांनी तोंड मिटलं. ड्रॉवर ओढला. पिवळी वायर बाहेर काढली. एका टोकाच्या पारदर्शक प्लास्टिकला वाळलेलं कुंकू चिकटलेलं होतं.

त्यांनी खिळ्यावरची किल्ली घेतली आणि काचेचं दार उघडलं. एक टोक सोळाव्या पोर्टमध्ये घातलं. दुसरं, कुंकवाचं, सतराव्यात.

टक्.

दिवे उसळले. एकामागून एक, मग सगळे एकदम. वाळिंब्यांच्या टेबलावरचा प्रिंटर अर्धा गेटपास छापून थांबला. पलीकडच्या खोलीतून कोणीतरी ओरडलं, “फिर गया!” खिडकीशी एका ड्रायव्हरने लगेच शिवी घातली. इंजिनिअर खुर्चीवरून अर्धवट उठला, वायर बघितली आणि पुन्हा बसला. रस्तोगी साहेबांची नजर वायरीवरून कुंकवावर, कुंकवावरून पेटीच्या कपाळावरच्या टिळ्यावर आणि तिथून वाळिंब्यांच्या हातांवर गेली. हेमाने पदर तोंडाला लावला.

वाळिंबे थांबले. सगळ्यांना नीट दिसेपर्यंत थांबले. खोलीतल्या शेवटच्या माणसाला कळलं, हे नकवी साहेबांनी उघडलेली पानाची डबी तशीच मिटली तेव्हा त्यांना समजलं. मग त्यांनी वायर उपटली. दिवे निवले. प्रिंटरने उरलेला गेटपास पूर्ण केला.

वायर त्यांनी फॉर्मवर ठेवली, डिस्पॅचच्या कोऱ्या रकान्यात. तिचं एक टोक टेबलाच्या कडेवरून घसरलं आणि खाली लोंबकळू लागलं. त्यांनी ते बघितलं. हात पुढे गेला नाही.

आपल्या खुर्चीच्या पाठीला अडकवलेली डब्याची पिशवी त्यांनी उचलली. रिकामी झालेली ती खुर्ची उचलून कपाटापाशी नेली आणि चारुलताच्या मागे ठेवली. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

“वालिम्बे जी,” रस्तोगी साहेब म्हणाले, “अरे, रुकिए तो…”

खिडकीशी उभ्या ड्रायव्हरला त्यांनी प्रिंटरमधला गेटपास काढून दिला आणि ते दाराबाहेर पडले.